‘प्रॉडक्शन क्वालिटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: तरुण सोमाली गायकांच्या गाण्यांवर लिहिताना ‘प्रॉडक्शन क्वालिटी’ला ‘निर्मितीमूल्य’ म्हटलं तर चालेल का?

नको. मराठीत निर्माता म्हणजे पैसा घालणारा. ‘निर्मितीमूल्यं उत्तम’ म्हटलं की वाचकाला नेपथ्य, कपडेपट, खर्च दिसतो. गाण्यातला प्रोड्यूसर ठेका रचतो, वाद्यं बसवतो, आवाज घेतो, मिक्सिंग करतो. त्यासाठी आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत: संयोजन, ध्वनिमुद्रण, मिश्रण. मास्टरिंग (तयार मिश्रणावरचा शेवटचा हात) हा शब्द तसाच ठेवावा.

सोमाली गाण्याबाबत तर ही फोड हवीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोमालियाची राजधानी मोगादिशूत दुर-दुर, इफ्तीनसारखे भरगच्च वाद्यवृंद होते. 1991 मध्ये राज्यव्यवस्था कोसळली, वादक देशोदेशी पांगले आणि एकटा कीबोर्ड अख्ख्या वृंदाचं काम करू लागला. आता ठेका एका शहरात तयार होतो, गळा दुसऱ्या शहरात मुद्रित होतो. संयोजन चोख आणि मुद्रण कच्चं, असं एकाच गाण्यात सहज घडतं. ‘क्वालिटी कमी’ एवढंच लिहिलं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

दोष सांगायला मराठी क्रियापदं फार नेमकी आहेत. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो; गायकाच्या मागे आणि बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात, माइक वीतभर अंतरावर ठेवावा. मुद्रणाची पातळी शून्य डेसिबलला भिडली की आवाज फाटतो. सर्वांत चढी जागा उणे 10 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहू द्यावी, कारण फाटलेला आवाज मिश्रणात धड सांधता येत नाही. (‘फुटतो’ लिहू नका. आवाज वयात येताना फुटतो.) कोरडा, म्हणजे घुमारा न दिलेला, गळा तयार ठेक्यावर नुसता ठेवला की तो तरंगतो, साथीत मिसळत नाही.

ऑटोट्यूनमुळे (सूर आपोआप सुधारणाऱ्या यंत्रामुळे) मात्र मींड तुटते, आणि हा दोष या गाण्यांत फार खुपतो. सोमाली चाली बहुतेक पाच स्वरांच्या. यंत्रात सात स्वरांची पट्टी लावली की घसरत जाणारा गळा मधल्या परक्या स्वरावर अडकतो. सुधारणेचा वेग शून्य, म्हणजे तत्काळ, ठेवला तर घसरण जाऊन पायऱ्या ऐकू येतात. चालीतले पाचच स्वर चालू ठेवावेत, वेग 30 ते 50 मिलिसेकंद ठेवून पाहावा.

दोष खुपण्याची दुसरी जागा अनुप्रासाची. सोमाली काव्यात ओळीओळीतून एकच आद्यध्वनी राखतात. दोन सेकंदांचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शब्दांच्या सुरुवाती पुसतो आणि कवीची सगळी मेहनत बुडते. रिव्हर्ब 30-40 मिलिसेकंद उशिरा सुरू केला तर शब्द आधी कानावर पडतो.

श्रेयनामावलीतले सोमाली शब्दही बघा. ‘मिडो’ म्हणजे गीताचे शब्द. मूळ अर्थ फळं. ‘लहन’ म्हणजे चाल. आपण ‘संगीत: अमुक’ लिहितो त्यात चाल येते, संयोजन येतंच असं नाही; म्हणून ‘लहन’साठी ‘चाल’च लिहावं, ‘संगीत’ नव्हे. 1972 पासून सोमाली रोमी लिपीत लिहितात आणि तिथला ‘एक्स’ म्हणजे घशातला ‘ह’. त्यामुळे ‘laxan’चं ‘लक्सन’ हे लिप्यंतर चूक, ‘लहन’ बरोबर.