झाकणावरचे पाणी

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘संघनन’ आणि भूगोलात ‘सांद्रीभवन’ असे शब्द येतात. ही क्रिया एकच का? भाजी वाफेवर शिजवताना झाकणावर पाणी ठेवतात, त्याच्याशी तिचा काही संबंध आहे का?
– एक वाचक

उत्तर : क्रिया एकच आहे. वायुरूपातील बाष्प थंड होऊन त्याचे पाणी होते, तिला ही दोन्ही नावे आहेत. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते, तर २० अंशांना ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅमपर्यंत उतरते. म्हणूनच गार पाण्याच्या पेल्याजवळची दमट हवा थंडावली की तिच्यातील जादा बाष्प पेल्याच्या बाहेरील बाजूस थेंबांच्या रूपाने जमते.

झाकणावर पाणी ठेवण्याची आपल्याकडची रीत ही तर संघननाचा अतिशय विचारपूर्वक केलेला उपयोग आहे. भाजीतून उठणारी वाफ त्या पाण्यामुळे तुलनेने गार राहिलेल्या झाकणाला आतून लागते, तिचे पाणी होऊन ते परत भाजीत पडते, आणि वरून पाणी न घालताही कोबी किंवा गवार करपत नाही. पाणी होताना वाफेने सोडलेली उष्णता झाकणावरच्या पाण्याला मिळते. पुढे भाजीला पाणी लागलेच, तर हेच तापलेले पाणी घातल्याने शिजणे थांबत नाही.

ही उष्णता फार मोठी असते, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. १०० अंशांच्या एक किलो वाफेचे त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तेच पाणी पुढे ४० अंशांपर्यंत निवताना केवळ २५० किलोज्यूलच्या आसपास. वाफ त्वचेवर संघनित होताना ही सगळी उष्णता त्वचेला मिळते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही गंभीर ठरू शकतो. झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचलावी, आणि चटका बसलाच तर तो भाग लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा.

पोळ्यांच्या डब्यात मात्र हेच संघनन नकोसे असते. गरम पोळ्यांची वाफ झाकणाला लागून तिचे थेंब पोळ्यांवर पडतात व त्या ओलसर होतात. त्यासाठी पोळ्या थोड्या निवू द्याव्यात आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. झाकणाचे पाणी मग फडके शोषून घेते.