मालिकांत आणि बातम्यांत दिसतं तसंच आहे का सोलापूर?

तुमची नाशिकहून सोलापूरला बदली झालीय. टीव्हीवर सोलापूर म्हटलं की भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे आणि अंगावर येणारी माणसं दिसतात, तर खरंच तसं आहे का, असं तुम्ही विचारलंय. सासूबाईंनी 'तिकडची माणसं तोंडाळ' म्हणून बजावल्याचंही लिहिलंय. मी इथलीच. शहराच्या पूर्व भागात जन्मले, मधली सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, 2020 च्या लॉकडाउनमध्ये परत आले ती इथेच राहिले. आता एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते.

पाण्याचं आधी सांगून टाकते, कारण ते खोटं नाही. शहरात वर्षानुवर्षं नळाला पाणी रोज आलेलं नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाला बांधलेलं असतं. मे महिन्यात पारा 44 ला टेकतो, तेही खरं. वार्ताहर एप्रिलमध्ये येतो, उजनी धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात उभा राहतो, भेगांवरून कॅमेरा फिरवतो आणि जातो. त्यात त्याने खोटं काहीच दाखवलेलं नसतं. पण उजनीची साठवण 117 टीएमसीची आहे आणि आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर आहेत. उसाला पाणी आहे आणि नळाला नाही, ही खरी भानगड. ती भेगेसारखी एका चित्रात मावत नाही, म्हणून दिसत नाही.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली. पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. काळजीनेच केला होता बिचारीने. पण पहिलं वाक्य काय, "अगं, पूर? तुमच्याकडे तर दुष्काळ असतो ना?" चॅनेलवाल्यांनी चुकून दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव टाकलं की काय, अशा सुरात.

मालिकांची गोष्ट निराळी. तिथलं गाव हिरवं असतं. शूटिंग वाई, सातारा, कोल्हापूर या बाजूला होतं, त्यामुळे नदीचा घाट, जुना वाडा, मागे डोंगर असं सगळं आयतं मिळतं. आमच्याकडे काळं सपाट रान, ज्वारी, आणि नजर अडवायला एखादं बाभळीचं झाड. ते कोण दाखवणार? म्हणजे मालिकेत आमचं गाव नसतंच. असतो तो फक्त आवाज, आणि तोही आमचा नसतो. मुख्य घरातले सगळे पुस्तकातलं मराठी बोलतात. भाजी चिरणारी बाई, ड्रायव्हर आणि गुंड मात्र 'व्हय', 'न्हाय', 'म्या' करतात. ही बोली कुठल्या तालुक्यातली ते विचारू नका. थोडी साताऱ्याची, थोडी कोल्हापूरची, उरलेली लिहिणाऱ्याच्या डोक्यातली.

सोलापूर शहरात ती कोणी बोलत नाही. इथे पोरं एकमेकांना 'काय बे' म्हणतात, होकाराला 'हाव' म्हणतात, 'काय करायलास?' विचारतात, आणि वाक्याच्या शेपटीला 'की' लावतात: बसा की, घ्या की, सांगा की. कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू आणि मराठी इतकी वर्षं एकमेकींना खेटून बसल्यावर जे होईल ते झालंय. बाळीवेशीत कन्नड कानावर पडेल, विजापूर वेशीत उर्दू, आमच्या पूर्व भागात तेलुगू. चार हुतात्मा चौकातून जाल तेव्हा नावं वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. चार नावं वाचली की शहराची शिरगणती झाली म्हणा.

आता माझी फजिती. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू. पणजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले आणि इथलेच झाले. पुण्यात नोकरीला लागले त्या आठवड्यात चहाच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "सोलापूरची ना? मग बोल की तुमच्यातलं काहीतरी." मी म्हटलं, "काय बे." कोणी हसलं नाही. मुळात ते सोलापूरचं आहे हे त्यांना पटलंच नाही. वाट पाहत राहिले. मग मी मालिकेतल्या कामवालीसारखं "व्हय वो सायेब" म्हटलं, आणि सगळा मजला हसला.

खरं सांगू, मलाही बरं वाटलं. नव्या जागी आपल्याकडे बघून लोक हसले की आपण रुळल्यासारखं वाटतं. पुढची दोन वर्षं प्रत्येक पार्टीत मी हा खेळ केला. माझ्या आईला जी भाषा ऐकून कळणार नाही, ती मी 'आमची' म्हणून विकत होते. लोकांनी माझ्याबद्दल काय समजून घेतलं याचा राग मला फारसा नाही. ते समजून घ्यायला मीच रोज हातभार लावला, हे मात्र अजून टोचतं.

2016 ला 'सैराट' आला. नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे, नायिकेचं काम करणारी मुलगी अकलूजची, त्यामुळे माती आणि बोली दोन्ही खरी होती. ती करमाळ्याकडची बोली, शहराची नव्हे, पण खरी. मला कौतुक होतंच. पण दुसऱ्या आठवड्यापासून ऑफिसात एकच प्रश्न, "तू पण बुलेट चालवतेस का?" मला धड सायकल येत नाही. त्याच सुमारास नव्या साहेबांनी माझं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "अरे, तुम्ही साउथच्या! मग ते अय्यो-अय्यो म्हणून दाखवा ना." एकाच दिवशी सकाळी रांगडी पाटलीण आणि दुपारी मद्रासी. दोन्ही सोंगं टीव्हीनेच शिवलेली, आणि मला दोन्ही सैल.

यावर सगळ्यात आधी बोलली ती माझी आज्जी, आणि तिला मालिकाबिलिकांचं विश्लेषण ठाऊक नव्हतं. आमच्याकडे केबल आल्यापासून रिमोटवरून भांडण असायचं, संध्याकाळी मराठी की तेलुगू. तेलुगू पडद्यावर गंमत अशी की नायक बोलणार आंध्रच्या किनारपट्टीची तेलुगू, आणि तेलंगणाची बोली द्यायची विनोदी नोकराला नाहीतर गुंडाला. कित्येक वर्षं हे चाललं. आता तेलंगणा वेगळं राज्य झाल्यावर चित्र बदललंय, नायकही ती बोली बोलतात. पण तेव्हा आज्जी वातींचा कापूस हातात घेऊन बसलेली असायची आणि मध्येच तेलुगूत विचारायची, "आपल्यासारखं बोलणारा माणूस दरवेळी मारच का खातो गं?" मी चॅनेल बदलायचे. तर मराठीवर 'व्हय ताई' चालू असायचं.

कॉलेजात एका पेपरला जॉर्ज गर्बनर नावाचे अमेरिकन अभ्यासक होते. त्यांचं म्हणणं असं की एखाद्या कार्यक्रमाने माणूस बदलत नाही. तेच तेच वर्षानुवर्षं पाहून जग तसंच आहे असं वाटायला लागतं, आणि जो जास्त पाहतो त्याला जग जास्त धोक्याचं वाटतं. दहा मार्कांना यायचं. तुमच्या सासूबाईंच्या बजावण्यावरून आठवलं.

पण सगळा दोष टीव्हीच्या माथी मारला तर मी खोटं बोलेन. आमच्याच शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं, त्यावरून हे नाव पडलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला. मी शाळेत होते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तरी वर्गात पेन हरवला की पोरांच्या माना कोणाकडे वळायच्या ते मला आठवतं. माझीही वळायची. त्या वयात मी बातम्या बघत नव्हते. ते घरातून, गल्लीतून आलं होतं. म्हणून पुण्यातल्या त्या चहाच्या टेबलावर मी फार टेंभा मिरवू शकत नाही.

आता 'तोंडाळ'चं. इथे लोक मोठ्याने बोलतात, हे कबूल. पूर्व भागात त्याचं कारण फार साधं आहे. घरातच यंत्रमाग. चार माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाला 'चहा घेतलास का' विचारायचं तरी ओरडावं लागतं. आमचे माग विकून बरीच वर्षं झाली, तरी बाबा अजून फोनवर माग चालू असल्यासारखे बोलतात. दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी एकदा घाबरून उभी राहिली होती. ते नंबर कधी लागेल एवढंच विचारत होते. दुकानदार 'काय पाहिजे' एवढंच म्हणेल, हसणार नाही, पण सुट्टे नसले तर 'उद्या द्या की' म्हणून सामान हातात देईल.

जे टीव्हीवर कधीच दिसत नाही ते बघायचं असेल तर सकाळी अशोक चौकाकडून आत शिरा. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, टॉवेलचे गठ्ठे लादलेल्या सायकली, शाळेच्या गणवेशांचे ढीग. जानेवारीत सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा असते, ती दोन मिनिटं दाखवतात: पांढरी बाराबंदी, उंच नंदीध्वज, संपलं. तुम्ही मात्र अख्खा दिवस काढा. आणि शेंगाची चटणी विकत घेताना ती कुटलेली आहे की मिक्सरमधली ते विचारा. कुटलेलीला तेल सुटतं, मिक्सरमधली भुशासारखी कोरडी लागते.

भाषेची काळजी करू नका. 'बे' मात्र लगेच वापरू नका, ते बरोबरीच्या माणसाला, तेही ओळख झाल्यावर. आणि घर बघायला याल तेव्हा भाडं नंतर विचारा. आधी हौद केवढा आहे ते झाकण उघडून बघा, आणि पाणी कोणत्या वारी किती वाजता येतं ते मालकाला न विचारता शेजारणीला विचारा.