ऑस्ट्रेलियातल्या पर्थला भर उन्हाळ्यात ख्रिसमस, मुलांना मजा कशी येईल?

आधी बर्फाचा नाद सोडा. माझी बहीण बडोद्याची, आमच्या दांडिया बाजारातली, आता पर्थलाच असते, तिकडे २५ डिसेंबरला पारा सहज ३५ च्या आसपास जातो, मग घामाघूम मुलांपुढे कापसाचा बर्फ लावून करायचंय काय! ती सगळं दुपारनंतर ठेवते कारण तेव्हा समुद्रावरून गार वारा सुटतो (लोक त्याला चक्क ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात), मग बीचवर जायचं आणि दिवाळीत आपण किल्ला करतो ना तसा मुलं ओल्या वाळूत येशूचा गोठा करतात, शिंपल्यांचा तारा, काड्यांचं छप्पर, मेंढ्या कुणी करायच्या यावरून भांडणं पण होतात, ते चालायचंच. प्लॅस्टिकचं झाड आणलंत तर आणा, पण तिथलं नुइत्सिया नावाचं झाड ऐन डिसेंबरात केशरी-पिवळं फुलतं, त्याला ख्रिसमस ट्रीच म्हणतात, ते मुलांना नक्की दाखवा. खायला पावलोवा (अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोड केक), वर आंब्याच्या फोडी, सीझनच असतो तेव्हा. आणि सांता होणाऱ्या बाबाला तो जाड सूट घालू नका हो, लाल टोपी आणि हाफ पँट बास.