‘कटु’ म्हणजे कडू की तिखट?

प्रश्न असा आहे: मिरचीच्या गुणांवरच्या एका मजकुरात ‘मिरची कटु रसाची आहे’ असं वाचलं. मिरची कडू कुठे असते? ‘तिखट’च्या जागी चुकून ‘कटु’ पडलंय का?

चूक नाही. आयुर्वेदातल्या सहा रसांपैकी, म्हणजे चवींपैकी, ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. ‘त्रिकटु’ या नावातच त्याचा पुरावा आहे: सुंठ, मिरी आणि पिंपळी. तिन्ही झणझणीत, कडू म्हणावं असं एकही नाही. मराठीत कटुचा ‘कडू’ झाला आणि अर्थ कारल्या-कडुनिंबाकडे सरकला. ‘कटु सत्य’, ‘कटु अनुभव’ यांत आपल्याला तोच कडवटपणा ऐकू येतो. हिंदीत मात्र मोहरीच्या तेलाला अजूनही ‘कडवा तेल’ म्हणतात. ते नाकाला झोंबणारं, म्हणजे जुन्या अर्थाने कटु.

ही गल्लत निव्वळ शब्दांपुरती असती तर सोडून दिली असती. पण आयुर्वेदाप्रमाणे कटु रस पित्त वाढवतो आणि तिक्त रस पित्त शमवतो. ‘कटु’चं भाषांतर ‘कडू’ केलं की सल्लाच उलटा होतो. आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी तरी इथे डोळ्यांत तेल घालून लिहायला हवं.

खुद्द मिरची चरक-सुश्रुतांना ठाऊक नव्हती. ती मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. नव्या पाहुणीला नावही त्याच कुळातलं मिळालं आणि रसही.

आता ‘तिखट’. हा ‘तीक्ष्ण’वरून, प्राकृत ‘तिक्ख’मार्गे आला. म्हणून तर ‘तिखट कानाचा माणूस’ म्हणतो. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण शास्त्राच्या दृष्टीने तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन हे झोंबणारं द्रव्य जिभेवरच्या उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं. ही ग्राही अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधली आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. पक्ष्यांच्या या ग्राहीवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पसरवतात.

मग सगळ्याच मिरच्या कटु का? नाही. तिखटपणा मोजायची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये काढली. त्या मापात ढोबळी मिरची शून्यावर, हालापेन्यो साधारण 2,500 ते 8,000 वर, हाबानेरो एक ते साडेतीन लाखांवर आणि भूत झोलोकिया दहा लाखांच्या पुढे. गंमत म्हणजे ढोबळी आणि हालापेन्यो एकाच वनस्पतिजातीच्या. आणि तिखटपणाचं मूळ बियांत नसून त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गरात असतं.

मिरचीच्या फायद्यांपैकी क जीवनसत्त्वाचा तिखटपणाशी संबंध नाही. लाल ढोबळीच्या 100 ग्रॅममध्ये ते सुमारे 130 मिलिग्रॅम असतं, संत्र्याच्या दुपटीहून जास्त. हिरव्या तिखट मिरचीत तर त्याहूनही अधिक, पण ती कोण 100 ग्रॅम खाणार! हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळं केलं तेही हंगेरीतल्या पाप्रिका मिरचीतूनच. कॅप्सेसिनचा पक्का उपयोग मात्र खाण्यातला नाही, तर लावण्यातला: नागिणीनंतर उरणाऱ्या मज्जातंतूंच्या दुखण्यावर त्याची पट्टी वापरतात. चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळजवळ रोज तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 14 टक्के कमी दिसलं. पण ती पाहणी होती, प्रयोग नव्हे, त्यामुळे ते श्रेय मिरचीचंच असं म्हणता येत नाही.

तेव्हा तुम्ही वाचलेलं वाक्य तिखट मिरचीपुरतं बरोबर, ढोबळीला ते लागू नाही. मराठीत लिहिताना ‘कटु, म्हणजे तिखट’ एवढी फोड पहिल्याच उल्लेखात करावी, असं मी सुचवेन.