फाईल उघडली पाहिजे

प्रिय लेखिके,

फायनल ड्राफ्ट घेऊ की फेड इन, सेल्टेक्सची वर्गणी परवडेल का, रायटरड्युएट कसं आहे... तुझा अख्खा मेल पटकथा लिहायच्या सॉफ्टवेअरवर, आणि तुझ्या पटकथेबद्दल एकच ओळ. एसटी डेपोत रात्रभर अडकलेल्या दोन जावा. ही ओळ चांगली आहे, म्हणून उत्तर लिहितोय.

तू देवनागरीत लिहितेस. ही सॉफ्टवेअरं घडली रोमन लिपीसाठी. कुरिअर नावाचा फॉन्ट, बारा पॉइंट, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा त्यांचा हिशोब. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. दुसरा फॉन्ट घुसतो आणि हिशोब बिघडतो. लांबी मोजायची तर सीन मोठ्यानं वाच, घड्याळ लावून.

माझा हट्ट एकच. ज्यात लिहिलीस ते सॉफ्टवेअर उद्या नसलं, तरी फाईल उघडली पाहिजे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. आम्ही त्याच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलं. फॉन्ट गेला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. माझ्या एका पटकथेचा मध्यंतरानंतरचा भाग अजून त्या कचऱ्यात आहे. प्रिंट का नाही ठेवलीस, असं लोक शहाजोगपणे विचारतात. काढली होती की! निर्मात्याच्या ऑफिसात दिली, ती परत आली नाही. झेरॉक्सला पैसे कोण देणार होतं तेव्हा? आणि डीटीपीवाल्याकडे जो फॉन्ट असेल त्यातच लिहावं लागायचं. तुझ्यावर ती सक्ती नाही, म्हणून तुला माफी नाही. युनिकोडमध्येच लिही.

फाउंटन बघ. जॉन ऑगस्ट आणि स्टू माशविट्झ यांनी 2012 मध्ये आणलेली ही पटकथा लिहायची खुणांची पद्धत. साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. मेख एवढीच की पात्राचं नाव ते कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं आणि आपल्याकडे कॅपिटल नाहीत. म्हणून नावाआधी @ टाक: @सुमन. सीनच्या मथळ्याआधी टिंब: .अंतर्गत. डेपो - रात्र. दोन दिवसांत हात बसतो. मॅक असेल तर फाउंटनमध्ये लिहायचं बीट हे ॲप फुकट आहे.

फायनल ड्राफ्टशी माझं वैर नाही. त्याची एफडीएक्स फाईल आतून एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला मजकूरच असते, वेळ आली तर मजकूर सोडवून घेता येतो. मी विरोधात आहे तो फक्त बंद डब्यांच्या, म्हणजे ज्यांची फाईल दुसऱ्या कशातच उघडत नाही त्यांच्या. प्रॉडक्शनवाल्यांनी फायनल ड्राफ्टच मागितलं तर त्यांच्या पैशानं घे. शूटिंगचं शेड्यूल आणि ब्रेकडाऊन (कुठल्या सीनला काय लागेल त्याची यादी) ही त्यांची गरज आहे, पहिला खर्डा लिहिणाऱ्याची नव्हे. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या नोंदणीला पीडीएफ लागते, ती शेवटी काढता येते. पण पीडीएफ म्हणजे मूळ फाईल नव्हे. मूळ साध्या मजकुरात, दोन ठिकाणी ठेव. हे मी पुन्हा सांगणार, कंटाळलीस तरी.

आता सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू बघणं बंद कर. पुढच्या मेलमध्ये डेपोतले पहिले पाच सीन हवेत, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. धाकटी जाऊ फार गोड करू नकोस.

तुझा,
काका