माणसं सगळी आहेत, हाताशी कोणी नाही

"मॅडम, घरात माणसांची काही कमी नाही. तरी मलाच का झेपत नाही?" डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णाची काळजी घेणाऱ्या कितीतरी जणी हेच विचारतात. कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्नही हाच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासूबाई 82 वर्षांच्या, अल्झायमर झालेला. दिवसभर बऱ्या असतात, दिवेलागण झाली की बिनसतं. पिशवीत दोन पातळं आणि चष्म्याचं रिकामं घर कोंबून दाराशी उभ्या राहतात. "मला घरी सोड, आई वाट बघत असेल." शनिवार पेठेतला तो वाडा कधीच पडला, पण हे सांगून उपयोग नसतो. जवळच्या आठवणी आधी पुसल्या जातात, लहानपणच्या मागे उरतात आणि संध्याकाळी गोंधळ वाढतो, हा आजाराचाच भाग आहे. ताई चपला लपवतात, समजावतात, शेवटी ओरडतात. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडतात.

रविवारी निगडीहून नणंद येते, तासभर. तिला बघून सासूबाई सावरून बसतात, "हिला चहा टाक गं" म्हणतात. पाहुण्यांसमोर असं सावरणंही या आजारात नेहमी दिसतं. नणंदेचा निष्कर्ष ठरलेला: "आई तर ठणठणीत आहे, तूच जरा शांत राहा." बंगळूरचे दीर फोनवर म्हणतात, "काही लागलं तर सांगा, वहिनी." नवरा म्हणतो, "मी आहे ना." आंघोळ, शी-शू, रात्रीचं जागरण मात्र ताईंकडे.

मला हा आधार वाटत नाही. उलट सल्ला देणारं माणूस कधीकधी भारच वाढवतं. कोण कुठला तास अंगावर घेतं, एवढंच मी बघते.

ताईंकडून झारिट प्रश्नावली भरून घेतली. काळजीवाहकावरचा ताण मोजायला ती जगभर वापरतात. 22 प्रश्न, 88 पैकी गुण. स्वतःसाठी वेळ उरत नाही, या प्रश्नापुढे त्यांनी 'जवळजवळ नेहमी'वर इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. मग हळूच म्हणाल्या, "पण बाई ठेवली तर लोक म्हणतील, सून टाळते."

मी सगळ्यांना बोलावलं, दिरांना व्हिडिओ कॉलवर. न्यूयॉर्कमध्ये 406 जोडीदार-काळजीवाहकांवर झालेला, 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला. तिथे समुपदेशनात बाकीच्या नातेवाइकांनाही सामील करून घेतलं होतं, पुढे आधारगट आणि फोनवर सल्लाही होता. अशा घरांत रुग्णाला नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ साधारण दीड वर्षानं लांबली. सून दमून कोलमडली तर आईंचीच आबाळ होते, हे नवऱ्याला तेव्हा पटलं.

नणंदेशी मात्र मी वाद घातला नाही. दोन रात्री मुक्कामाला जा, एवढंच सांगितलं. पहिल्याच रात्री अडीच वाजता तिनं भावाला उठवलं. आई तिला ओळखत नव्हती, घरात चोर शिरला म्हणून ओरडत होती. तो अनुभव तिला जड गेला, पण 'शांत राहा' म्हणणं थांबलं.

आता दिवसाच्या मावशींचे पैसे दीर देतात. आईंना संध्याकाळी सोसायटीत फिरवून आणणं नवऱ्याकडे. "घरी जाऊ" म्हणाल्या की तो वाद न घालता "चला" म्हणतो, एक फेरी मारून आणतो. ताई त्या वेळात टेकडीवर जातात. ओरडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. रात्री अजून अवघडच आहेत. दिवाळीत मावशी गावी जातील, तेव्हाचे दिवस नणंदेनं आत्ताच कॅलेंडरवर आपल्या नावानं लिहून ठेवलेत.