बाह्य दाबाखालील संमिश्र कवच: तुझ्या आकडेमोडीविषयी

प्रिय विद्यार्थीमित्रा,

तुझी आकडेमोड सावकाश वाचली. खोल समुद्रातल्या पाणबुडीसाठी कार्बन फायबरच्या थरांनी बनवलेल्या दंडगोलाचा बकलिंग दाब (ज्या दाबाला कवच घडी पडून आत कोसळते तो) कामाच्या दाबाच्या अडीचपट आला, म्हणून कवच सुरक्षित आहे, असे तू लिहिले आहेस. गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. कारण ते गणित अचूक वर्तुळाकार आणि थर न् थर एकजीव असलेल्या नळीचे आहे, आणि तशी नळी कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. 3800 मीटरवर तो सुमारे 380 वातावरण होतो. पातळ कवच पदार्थ तुटण्याआधीच घड्या पडून आत कोसळते. जाड कवचात मात्र पदार्थच आधी हार मानू शकतो. दाब सोसताना तंतूला आधार रेझिनचा, म्हणजे तंतू एकत्र चिकटवणाऱ्या द्रव्याचा, असतो, आणि गुंडाळताना तंतू जराही लहरी झाला तर तो नेमका तिथेच मुडपतो.

तुझा सर्वाधिक वेळ थर सुटण्याच्या प्रश्नाला दे. लांब दंडगोलाचा बकलिंग दाब जाडी आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या घनावर अवलंबून असतो. भिंत मधोमध सुटली, तर प्रत्येक अर्ध्या भागाची वाकण्याविरुद्धची ताठरता मूळच्या एक अष्टमांश उरते, दोन्हींची मिळून जेमतेम एक चतुर्थांश; बाहेरून मोजलेली जाडी मात्र तीच दिसते. ही सुटण्याची सुरुवात पोकळ्यांपाशी आणि सुरकुत्यांपाशी होते, तशीच धातूच्या कड्यांशी असलेल्या जोडापाशीही होते. तिथे दोन्ही पदार्थ सारखे आकुंचन पावत नसल्यामुळे भिंत वाकते आणि थरांना एकमेकांवरून सरकवणारे कातरबल निर्माण होते.

18 जून 2023 रोजी कार्बन फायबरच्या कवचाची टायटन पाणबुडी दाबाखाली आत कोसळून आतील पाचही जण मृत्युमुखी पडले. जुलै 2022 मधील एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर भिंतीवरच्या स्ट्रेन गेजच्या (भिंत किती ताणते-आखडते ते मोजणाऱ्या पट्ट्यांच्या) नोंदी बदलल्या होत्या, असे चौकशीत पुढे आले. या चौकशीतला हाच भाग मला सर्वाधिक अस्वस्थ करतो, कारण कवच बदलल्याची खूण मोजमापात उमटलेली होती. पूर्वी सोसलेल्या कमाल भारापर्यंत धडधाकट पदार्थ पुन्हा बहुतांशी शांत राहतो, म्हणजे त्यातून आतल्या तडकण्याचे सूक्ष्म ध्वनी उमटत नाहीत; याला कैसर परिणाम म्हणतात. त्याहून कमी भारावरच ध्वनी उमटू लागले, तर आत इजा वाढते आहे असे समजावे. त्यामुळे कवच एकदा दाब सोसून परत आले, एवढ्यावरून त्याची पुढची फेरी सुरक्षित ठरत नाही.

पुढच्या मसुद्यात प्रत्यक्ष मोजलेला लंबगोलपणा धर, भिंतीच्या मध्यावर आणि जोडाजवळ सुटलेला थर गृहीत धरून अरेषीय विश्लेषण (कवचाचा आकार बदलत जातो तसा त्याचा प्रतिसादही बदलतो, हे धरून केलेले) कर, आणि दाब पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून तो थर किती पसरतो ते पाहा. जोडाजवळचे गणनेचे जाळे (कवचाची छोट्या तुकड्यांत केलेली विभागणी) पुरेसे बारीक झाले, की फाइल मला पाठव. तेवढा भाग मी स्वतः तपासेन.

तुझा,
मार्गदर्शक